दिवसा अंथरलेली बाज

राखीचं लग्न झालं त्या वैशाखात माझा जन्म झाला. मी एक जुनी बाज आहे, मित्रांनो. दारव्हा तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर, राखीचे वडील नेमसिंग यांच्या अंगणात राहते. लग्नाच्या पाहुण्यांना निजायला जागा पुरेना, म्हणून राखीचे मामा सेवादास बोरी अरबहून आले. त्यांनी बाभळीची चौकट ठोकली आणि अंबाडीच्या दोरीने दोन दिवसांत मला विणलं. वऱ्हाडातले म्हातारे माझ्यावर बसून विणीची तारीफ करत, तेव्हा मामा मिशीत हसत.

तांड्यात बाजेचा एक रिवाज आहे. ऊन वर आलं की बाज भिंतीला उभी करायची. दिवसा बाज आडवी दिसली की त्या घरात कोणी आजारी आहे असं समजून माणसं भेटायला येतात. एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मग राखीचा धाकटा भाऊ प्रेम पायलट झाला आणि मी गोंधळात पडले.

घरात आता लोखंडी पलंग आला आहे. मला कोणी विचारत नाही. पण प्रेम सुट्टीवर आला की भर दुपारी मला निंबाखाली आडवी करी. चार दिवस पहाटे उठून विमानं नेली की पुढे अठ्ठेचाळीस तास विश्रांती घ्यावीच लागते, तसा नियमच आहे, असं तो आईला सांगे. झोपेचा कसला नियम? नेमसिंग यांनी वीस वर्षं दारव्ह्याच्या रस्त्यावर जीप चालवली, त्यांना असा हुकूम कोणी दिला नव्हता. आणि हुकूम असूनही प्रेमला झोप लागत नसे. तो कूस बदले, मी करकरे. जरा डोळा लागला की कोणीतरी येई आणि तब्येत बरी आहे ना, हे विचारायला त्याला हलवून उठवी. शेजारच्या विमलताईंनी तर दोनदा त्याची दृष्ट काढली. दारी आलेल्या माणसाला प्रेमची आई जमनीबाई परत कशी पाठवणार? ती चहा ठेवी आणि लेकाला हाक मारी.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर प्रेम आला तो खोल गेलेले डोळे घेऊन. मागच्या खेपेला अर्धवट झोपेवर तो कामावर गेला होता. विमान उतरवताना शेजारच्या पायलटने दोनदा सांगितलेलं त्याला ऐकूच आलं नाही. या वेळीही झोप झाली नाही तर विमान नेणार नाही असं कळवीन, असं त्याने वडिलांना सांगितलं. नेमसिंग म्हणाले, एकदा त्यांचाही डोळा लागला होता. अकरा माणसं भरलेली जीप रस्ता सोडून पऱ्हाटीच्या शेतात शिरली होती. हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेम निजला आणि नेमसिंग काठी घेऊन फाटकाशी बसले. दोघातिघांना त्यांनी परत पाठवलं. मग सेवादास मामा आले, धापा टाकत.

"काहून, पोरगं बिमार हाय का?"

"नाही भाऊ. निजला हाय."

"मंग उठव. दोन गोष्टी बोलतो अन् जातो."

"त्याच्या भरोशावर दोनशे माणसं बसतात, भाऊ. आज कलेक्टर आला तरी उठवत नाही."

"मी कलेक्टर नाही, मामा हाय," सेवादास म्हणाले. "मीच विणलेल्या बाजेवर निजते, अन् मलेच भेटत नाही."

जमनीबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली तोवर त्यांनी पाठ फिरवली होती. भाऊ दारातून पाणी न पिता गेला. ती दिवसभर नवऱ्याशी बोलली नाही.

मित्रांनो, मी एकदा जोरात करकरले असते तर प्रेम जागा झाला असता. मी करकरले नाही. ज्यांनी मला विणलं त्यांच्याकडे बघत राहिले आणि जो माझ्यावर निजला होता त्याला सांभाळत राहिले. प्रेम दिवेलागणीपर्यंत कूस न बदलता निजला. उठल्यावर सगळं कळलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. पण नागपूरला पोचायचं होतं. पुढच्या सुट्टीत आधी मामाकडे जातो, असं आईला सांगून तो निघाला. त्याने विमान नीट नेलं, नीट उतरवलं.

दमलेल्या माणसाची झोप मोडू नका, एवढं मी तुम्हाला नक्की सांगते. आणि दारी आलेल्याला तसंच परत पाठवू नका. दोन्ही एकाच दुपारी कसं साधायचं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर नेमसिंग यांना सांगा.

सेवादास मामा ती पुढची सुट्टी यायच्या आधीच, त्याच कार्तिकातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोरी अरबच्या घरी वारले. प्रेम तेव्हा विमानात होता.