दाराशी ठेवलेल्या गोळ्याचा सूड

मी एक जुना लोखंडी गोळा आहे, मित्रांनो. चेंडू नव्हे, गोळाफेकीचा गोळा. माझ्याशी झेलाझेली खेळायला जाल तर पायाचं बोट गमावून बसाल. माझं वजन सात किलोच्या वर आहे आणि माझा राग त्याहून जड आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा फार गोड बोलतात. मी झिजलो पण आनंदाने झिजलो, वगैरे वगैरे. माझ्याकडून तसलं काही ऐकायला मिळणार नाही. माझा अपमान झाला होता आणि मी त्याचं उट्टं काढलं. कसं, ते ऐका.

माझा जन्म एका छोट्या वर्कशॉपमध्ये, लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर झाला. लेथ चालवायचे ते काका. त्यांनी ओबडधोबड ओतीव लोखंडातून मला गोल केलं. वजन नेमकं बसावं म्हणून माझ्या पोटात भोक पाडून शिसं भरलं आणि वर एक पितळी बूच ठोकलं. ते बूच अजून माझ्या अंगावर आहे, बोटाला लागतही नाही इतकं सपाट. तरुणपणी काका स्वतः गोळा फेकायचे. पुढे पाठ धरली आणि ते सुटलं. मला त्यांनी घडवलं ते पुतण्यासाठी.

हा पुतण्या म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. शिकायला म्हणून काकांकडे राहायला आला होता, पण शिक्षण यथातथाच. दुधाच्या पातेल्यावर ठेवलेलं झाकण काकूंना कधी जागेवर सापडायचं नाही, म्हणून त्याचं नाव पडलं बोका. काकांचा स्वतःचा मुलगा त्याच्याहून लहान. त्याला सगळे छोटू म्हणत. आज तो दारातून आडवा होऊन आत येतो, तरी छोटूच.

वर्कशॉपच्या मागच्या आवारात काकांनी एक वर्तुळ बांधलं होतं. भोवती लोखंडी कडं, पुढच्या बाजूला जाड लाकडी फळी. नियम असा की वर्तुळात उभं राहून गोळा फेकायचा, तो खाली पडू द्यायचा आणि मग वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून बाहेर पडायचं. पुढून पाऊल टाकलं की फेक बाद, मग गोळा आभाळात जाऊन आलेला असो. बोक्याची खोड अशी की मी लांब पडलो की हा आनंदाने फळीवरून उडी मारून थेट माझ्याकडे धावत सुटायचा. काका लेथवरून ओरडायचे, "मागून रे, मागून!"

"इथे कोण पंच बसलाय बघायला?" बोका म्हणायचा.

"मी बसलोय. वळ आधी."

मग तो जीभ चावून वळायचा. खरं सांगतो, ते दिवस मला आवडायचे. त्याचा तळवा मला ओळखायचा. संध्याकाळी तो मला आपल्या बनियनला पुसायचा आणि काकूंच्या शिव्या खायचा.

मग बोका जिंकू लागला, आणि जिंकू लागला तसा बिघडू लागला. मोठ्या क्रीडासंकुलात गेला. तिथे नवा प्रशिक्षक मिळाला आणि आरशासारखा चकचकीत स्टीलचा गोळा मिळाला. मला त्याने सोबत नेलं खरं, पण कशासाठी? व्यायामशाळेचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून! येणारा-जाणारा मला बुटाने सरकवायचा. उन्हापावसात माझ्या अंगावर गंज चढला. बोका रोज माझ्यावरून जायचा, पण खाली पाहिलं असेल तर शपथ.

तेही मी गिळलं असतं. पण एक दिवस एक पत्रकार बाई आल्या. त्यांनी विचारलं, "सुरुवात कुणाकडे केलीत?"

"कुणाकडे नाही. आपलं आपणच शिकलो," बोका म्हणाला. "घरी काका होते, पण ते आपले लेथवाले. हे बघा त्यांचं भंगार, दाराला बरं आहे." आणि त्याने बुटाच्या टोकाने मला दाखवलं.

मित्रांनो, काका त्याच दारात उभे होते. काकूंनी दिलेला डबा घेऊन आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. डबा शेजारच्या बाकावर ठेवला, धरलेली पाठ वाकवून मला उचललं आणि निघाले. सगळी वाट ते गप्प होते. मी गप्प नव्हतो. मी मनात म्हणत होतो, बोक्या, तुझ्या तोंडचा घास काढून घेतला नाही तर मी लोखंडाचा नव्हे.

त्यानंतर बोका काकांच्या घराकडे फिरकला नाही. चूक त्याची आणि रुसलाही तोच. काकांनी माझा गंज घासून काढला, तेल लावलं, झीज भरून निघावी म्हणून पोटातलं शिसं वाढवलं आणि मला छोटूच्या हातात दिलं. छोटू कमी बोलणारा. त्याने मला इतकी वर्षं फेकलं, पण बोक्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. मला त्या पोराचा रागच यायचा.

आणि मग ती आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली. अंतिम फेरीत छोटूही पोचला आणि बोकाही. फेरीआधी सगळे गोळे तपासणीच्या खोलीत गेले. तिथे टेबलावर काटा ठेवलेला आणि चष्मा नाकावर घसरलेले एक पंच बसलेले. बोक्याचा चकचकीत गोळा काट्यावर चढला आणि पंचांनी मान हलवली. "हलका आहे. बाद."

"अहो, असं कसं? आजवर चालला की!"

"आजवरचं मला सांगू नका. काटा काय म्हणतो ते बघा."

मला हसू आवरेना. प्रत्येक स्पर्धेआधी बोका त्याला बारीक पॉलिश कागदाने घासायचा, फोटोत चमकावा म्हणून. लाड करून करून त्याने त्याला हलका केला होता! मी मात्र काट्यावर बसलो आणि काटा बरोबर जागेवर आला. पंचांनी माझ्यावर निळा ठिपका लावला आणि मला मैदानातल्या घोडीवर, म्हणजे गोळे मांडायच्या लोखंडी चौकटीवर ठेवलं. तिथला नियम असा की एकदा पास झालेला गोळा सगळ्यांचा. कुणीही उचलावा, कुणीही फेकावा.

स्पर्धा रंगली. छोटूने मला लांब टाकलं आणि पहिला क्रमांक धरून ठेवला. बोका मैदानावरचे परके गोळे वापरत होता आणि त्याच्या हाताला एकही बसत नव्हता. तरी तो तिसरा होता. आता फक्त त्याची शेवटची फेक उरली होती. तो घोडीपाशी आला, त्याचा हात या गोळ्यावरून त्या गोळ्यावर फिरला आणि माझ्या पितळी बुचावर येऊन थांबला. त्याने मला ओळखलं.

बाकावरून छोटू म्हणाला, "घे ना दादा. तुझाच आहे."

अरे देवा! या बापलेकांच्या चांगुलपणाने मी अगदी जेरीस आलो होतो. मी ठरवलं, आता याच्या बोटांतून निसटायचं आणि याच्याच पायावर पडायचं. पण गोळ्याला कसली इच्छा न् कसलं काय? बोक्याने मला मानेला टेकवलं, गिरकी घेतली, आणि त्याच्या तळव्याला जुनं सगळं आठवलं. मी सुटलो. काय सांगू, जन्मात उडालो नव्हतो असा उडालो. छोटूच्या खुणेच्या पुढे हातभर जाऊन पडलो. सूड राहिला बाजूला, मीच त्याला सोनं मिळवून दिलं! लाज वाटून मी मातीत रुतून बसलो.

मैदान दणाणलं. बोक्याने दोन्ही हात वर केले आणि त्याचा पाय पुढच्या फळीवर चढला. तेवढ्यात गर्दीतून एक घोगरा आवाज आला.

"मागून रे, मागून!"

काका होते ते. पोटचा पोरगा पहिला होता. नुसतं गप्प बसले असते तरी सोनं घरात आलं असतं. पण ते उठून, पाठीवर हात दाबून ओरडत होते. मी बोक्याच्या अगदी समोर पडलो होतो, म्हणून मला दिसलं. त्याची मान किंचित वळली. मग त्याने ती परत समोर फिरवली आणि फळीवरून पुढे पाऊल टाकलं.

लाल निशाण वर गेलं. फेक बाद.

मी काय हसलो म्हणून सांगू! दाराला बरा होतो ना मी? घे, आता तुझ्या सोन्याच्या दारात मीच आडवा पडलो. बोका पंचांशी भांडला, मग वर्तुळाच्या कडेला बसून राहिला. छोटूच्या गळ्यात सोनं पडलं. माझं पोट भरलं.

नंतर, गोळे परत देतात त्या खोलीत, काका मला फडक्याने पुसत होते. बोका आला आणि दाराशीच थांबला.

"काका, तुम्ही ओरडलात?"

"ओरडलो."

"छोटू तुमचा मुलगा आहे."

"मग तू कोण आहेस?"

बोका आत आला. मग म्हणाला, "ऐकू आलं होतं मला. तुमचा आवाज होता, म्हणूनच वळलो नाही."

काकांनी फडकं आणि मला त्याच्या हातात दिलं. तो मला पुसू लागला आणि त्याची आसवं माझ्यावर टपटप पडू लागली.

"कोरडा कर नीट," काका म्हणाले. "खारं पाणी आहे. गंजेल."

काकांनी त्याला तिथल्या तिथे माफ केलं. मी केलेलं नाही. आता मी वर्कशॉपच्या भिंतीवरच्या फळीवर असतो. बोका अधूनमधून येतो, मला तेल लावतो, काकांच्या लेथपाशी स्टूल ओढून बसतो. मी दर वेळी त्याच्या बोटांना थोडा काळा डाग लावून ठेवतो, साबणाने सहज न निघणारा.

मित्रांनो, वस्तू वापरून झाली की पुसून जागेवर ठेवा. आणि ज्याने ती तुमच्या हातात दिली त्याचं नाव कुणी विचारलं, तर सांगा. कधी मागून हाक आली, तर आवाज कुणाचा आहे हे बघत बसू नका. वळा. नाहीतर समोर मी पडलेला असेन.