महिपत पैलवानाची म्हैस

मित्रांनो, मी एक जुनी म्हैस आहे. माझे दूध आटले, दात झिजले. पण आमच्या हातखंब्याला अजून सगळे मला पैलवानाची म्हैस म्हणतात. पैलवान मात्र आता इथे नाही.

माझा जन्म घाटावरचा. महिपत पैलवानाने मला आंबा घाटातून चालवत खाली आणले. ऊन तापले की तो आपले उपरणे ओढ्यात भिजवून माझ्या पाठीवर टाकायचा. त्याला दूध मिळावे म्हणून मला विकत घेतले होते रत्नागिरीच्या एका बागायतदारांनी, दाजीशेटनी. त्यांना कुस्तीचा भारी नाद. “तू नुसती कुस्ती कर, खुराकाचे मी बघतो,” असे त्यांनी महिपतला सांगितले होते.

ते दिवस फार चांगले होते. पहाटे मेहनत करून महिपत गोठ्यात यायचा. त्याची बायको राही धार काढायची आणि तो उभ्यानेच तांब्या तोंडाला लावायचा. जत्रेतली कुस्ती मारली की जिंकलेला फेटा आधी माझ्या शिंगांना गुंडाळायचा.

पाच वर्षांनी दाजीशेट वारले. त्यांच्या मुलाला कुस्तीची आवड नव्हती. बदाम, तूप, माझी पेंड, सगळेच बंद झाले. त्याच सुमारास मुंबईचा एक ठेकेदार तिकीट लावून कुस्त्या भरवायला रत्नागिरीत आला. कुस्तीच्या आदल्या दिवशी महिपत गोठ्यात येऊन बसला.

“ठेकेदार म्हनतो, अर्धा तास झुलव नि बरोबरीत सोड. मंग मुंबईत दर म्हयन्याला कुस्ती देतो.”

“नि तुमी काय म्हनालात?” राहीने विचारले.

“अजून कायच नाय.”

राहीने माझी कास धुतली. मग म्हणाली, “खोटी कुस्ती तुमाला जमायची नाय. मी वळखते तुमाला.”

दुसऱ्या दिवशी तो लवकरच परतला.

“दोन मिन्टांत चीत झाला गो समोरचा गडी,” तो म्हणाला. “त्यानं पाय पुढं टाकला नि माजा हात थांबलाच नाय. लोक वरडायला लागले, तिकिटाचे पैशे परत द्या म्हनून!”

ठेकेदाराने त्याला पुन्हा बोलावले नाही.

दिवाळीनंतर महिपत आगबोटीने मुंबईला गेला, गोदीत हमाली करायला. निघताना माझ्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला. राही माझे दूध चहाच्या दुकानात घालू लागली.

तीन वर्षांनी तो शिमग्याला आला. मान बारीक झाली होती. राहीने तांब्या भरून पुढे केला. दोन घोट घेऊन त्याने तो खाली ठेवला.

“आता पचत नाय गो,” तो म्हणाला.

मी त्याचा हात चाटला. हाताला कोळशाचा वास होता.

तो पुन्हा मुंबईला गेला, त्यालाही किती पावसाळे झाले. आगबोटीचा भोंगा हातखंब्यापर्यंत येत नाही, तरी माझे कान टवकारलेलेच असतात.

मित्रांनो, तुम्ही कुस्त्या बघायला जाल, टाळ्या वाजवाल. जरूर वाजवा. पण घरी निघण्याआधी जिंकलेल्याजवळ जरा थांबा आणि विचारा, “पैलवान, उद्या काय खाणार?” आमच्या महिपतला हे कुणी विचारलेच नाही.