मागच्या खोलीचं दार

डोळ्यांच्या गाडीवर चंद्रभानला अकरा वर्षं झाली होती. गाडी एका धर्मादाय संस्थेची. पांढरी, बसएवढी लांब. आत डोळे तपासायचं यंत्र, औषधांचा छोटा फ्रिज, अवजारं उकळायचं भांडं, दोन पंखे आणि डॉक्टरांना पाठ टेकायला एक बाकडं. वर्धा जिल्ह्यातल्या गावागावांतून ती फिरे, शाळेच्या आवारात थांबे, आणि तिथंच मोतीबिंदू काढले जात. गावची लाइन असली तर तिची वायर गाडीच्या सॉकेटला, नसली तर जनरेटर. हे सगळं चंद्रभानच्या हातात.

चंद्रभान नाचणगावचा, नववी नापास. दोन वर्षांपूर्वी नवा जनरेटर आला तेव्हा सोबत एक इंग्रजी पुस्तक आलं. ते घेऊन तो डॉक्टर प्रभाकररावांकडे गेला. डॉक्टरांनी हसून बाकड्यावर जागा करून दिली. रोज संध्याकाळी ते एकेक वाक्य वाचत, मराठीत सांगत, आणि चंद्रभान वहीत उतरवून घेई. पुढं त्यानं गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगानं सात नियम लिहिले. 'गावची लाइन आणि जनरेटर दोन्ही एकदम जोडू नये. करंट उलटा खांबावर जाऊन वायरमनचा जीव जातो.' 'भांडं उकळत असताना पंखे बंद.' 'गरम मशीनमध्ये तेल ओतू नये.' आणि चौथा, ठळक अक्षरात: 'मशीन नेहमी उघड्यावर, वीस पावलं लांब. खोलीत कधीही नाही. धुरातल्या विषाला रंग नसतो, वास नसतो.'

"वास नसतो, हे मीच सांगितलं तुला," डॉक्टर त्या दिवशी म्हणाले होते. "तू लिहिलंस मात्र झकास."

त्या एका वाक्यावर चंद्रभान आठ दिवस तरंगत होता.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत समुद्रपूरपासून तीन कोसांवरच्या एका गावात शिबिर होतं. सात जणांचे डोळे झाले होते. शाळेच्या एका खोलीत सातही जण पाठीवर निजलेले, डोळ्यांवर पट्ट्या. डॉक्टरांची सक्त ताकीद होती: डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही, उठायचं नाही, टाका तुटला तर डोळा गेला.

सकाळी अकराला संस्थेचे अध्यक्ष महादेवराव भाषणाला उभे राहिले आणि गावची लाइट गेली. चंद्रभाननं जनरेटर लावला. माईक सुरू झाला, पण जनरेटरच्या भडभडाटात भाषण कोणाला ऐकू येईना. मशीन बंद करावं तर माईकही त्याच्यावरच. महादेवरावांनी दोनदा कपाळाला आठ्या घातल्या. मागून कोणी तरी ओरडलं, "भाऊ, त्या फटफटीलेच भाषण करू द्या!" लोक हसले.

डॉक्टर लगबगीनं आले. "चंद्रभान, मशीन त्या मागच्या खोलीत ठेव. पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे."

"साहेब, खोलीत? चौथा नियम..."

"नियम मला सांगतोस? दार उघडं ठेव. काही होत नाही. अरे, नवी गाडी द्यायची की नाही हे अध्यक्ष आज ठरवणार आहेत. माझ्यासाठी कर."

माझ्यासाठी म्हटल्यावर चंद्रभान मशीनकडे वळला. एकाला हाताशी घेऊन त्यानं मशीन आत ठेवलं, दार सताड उघडं केलं, आणि भांडं उकळत होतं म्हणून तो गाडीत स्विचांपाशी गेला. थोड्या वेळानं आवाज एकदम मऊ झाला. त्याच्या मनात आलं, जाऊन पाहावं. पण भांडं सोडून कसं जावं? आणि आपण जरा जास्तच भितो, असंही त्याला वाटलं. तसं त्याला नेहमीच वाटे.

पंधरा मिनिटांचं भाषण पाऊण तास चाललं.

टाळ्या झाल्या तसा चंद्रभान धावला. मागच्या खोलीचं दार बाहेरून लोटून कडी घातलेली. शाळा जुनी, कवेलूंच्या छपराची. दोन खोल्यांमधली भिंत छतापर्यंत पोचतच नव्हती. सगळा धूर वरून पलीकडे उतरला होता, आणि पलीकडे ते सात जण निजले होते. डोकं दुखत होतं, गरगरत होतं, तरी एकही उठला नव्हता. डॉक्टरसाहेबांनी हलू नका म्हणून सांगितलं होतं ना! सगळ्यांना उचलून उघड्यावर आणलं. सहा जण सावरले. सत्तरीच्या देवकाबाईला उलट्या लागल्या त्या थांबेनात. टाका तुटला. संध्याकाळपर्यंत तिचा उजवा डोळा गेला होता.

चौथ्या दिवशी चंद्रभान संत्री घेऊन तिच्या घरी गेला. उंबऱ्यातच त्याला रडू कोसळलं. देवकाबाईच बोलली, "तू काऊन रडून राह्यला बाप्पा? दार का तू लावलं?"

"मग कोनं लावलं, आजी?"

"डाक्तरनं. 'अध्यक्षसाहेब चिडतात, कडी घाला, मी आहे,' असं म्हने कोनाले तरी. मले आयकू आलं ना. डोये बांधले होते, कान थोडीच बांधले होते!"

दार वाऱ्यानं लागलं असेल, कोण्या पोरानं लावलं असेल, अशी चार दिवस चंद्रभाननं स्वतःची समजूत घातली होती.

"संस्थेच्या चौकशीत सांगशीन?"

"काऊन नाई सांगन? देवाची आन."

आठव्या दिवशी वर्ध्याला संस्थेच्या कचेरीत चौकशी बसली. तिघे पंच, मध्ये महादेवराव. डॉक्टरांचा लेखी जबाब वाचून दाखवला गेला: 'यंत्राच्या बाबतीत मला ज्ञान नाही. तो विभाग सर्वस्वी चंद्रभानकडे होता. धोक्याची त्याला पूर्ण जाणीव होती. गाडीच्या दारावर त्याच्याच हस्ताक्षरात नियम लिहिलेला आहे.'

सोबत दाराचा फोटो होता. चौथा नियम स्पष्ट वाचता येत होता.

चंद्रभाननं डॉक्टरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"साहेब," तो म्हणाला, "ते पुस्तक तुमीच मले वाचून दाखवलं. त्या बाकड्यावर."

"कोणतं पुस्तक?" महादेवरावांनी विचारलं. डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. चंद्रभानला कळेना, अकरा वर्षांचं काय काय सांगायचं, आणि कुठून?

मग जावयाचा हात धरून देवकाबाई आत आली. कोणी काही विचारायच्या आधीच डॉक्टर उठले, तिला खुर्ची दिली आणि मायेनं म्हणाले, "आजी, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू आता पिकलाय. पुढच्या महिन्यात मी स्वतः काढीन. पैसा लागणार नाही."

महादेवरावांनी विचारलं, "दार कोणी लावलं, माहीत आहे का?"

उरलेल्या धुरकट डोळ्यानं देवकाबाईनं डॉक्टरांच्या दिशेनं पाहिलं, मग चंद्रभान असेल त्या दिशेनं.

"माह्या डोयाले पट्टी होती, बाप्पा. मले काय दिसते?"

चंद्रभाननं मान खाली घातली. तिचा राग त्याला आलाच नाही. एक डोळा उरलेल्या म्हातारीनं आणखी काय म्हणावं? आणि मशीन उचलून आत ठेवणारे हात तर त्याचेच होते. नाही म्हणता आलं असतं. त्यानं म्हटलं नव्हतं.

त्याला कामावरून काढलं. जाताना डॉक्टरांचा निरोप आला, नव्या माणसाला, डोमाजीला, सगळं नीट समजावून दे. चंद्रभाननं दिलं. कोणता स्विच आधी, कोणता मागून. वायर पावसात कुठून न्यायची. मशीन थंड व्हायला किती वेळ लागतो. एकही गोष्ट हातची राखली नाही. मग रंगाचा डबा मागवला आणि दाराच्या आतल्या बाजूला आठवा नियम लिहायला बसला. आजवरचा प्रत्येक नियम रंगवण्याआधी त्यानं डॉक्टरांना दाखवला होता. हा दाखवला नाही.

डोमाजीनं बोट ठेवून वाचलं, "'मशीन आत ठेव म्हणून कोणीही सांगितलं, तर ते त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्यावं.' म्हंजे डाक्तरसायबाकडून बी?"

चंद्रभान ब्रश रॉकेलमध्ये धूत होता.

"त्याईच्याकडून पहिले," तो म्हणाला.