मापांची दोन कपाटं

"सापडत नाहीये," मापबाई मालकांना म्हणाल्या. चोवीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं.

या दुकानात साधे बूट बनत नसत. आखूड पाय, वाकडी टाच, दोनच बोटं उरलेला पंजा, अशा पायांचे बूट इथे बनायचे. मापं घ्यायचे आबा, म्हणजे मालकांचे वडील. पाय चाचपत ते बोलायचे आणि बाई लिहून घ्यायच्या, म्हणून त्या मापबाई. आकडे कुणीही घेईल, पण कुठे दुखतं आणि माणूस ते कुठे लपवतो, हे फक्त आबांच्या शेऱ्यांत असायचं. पुढे बाईंनी सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि वह्या रद्दीत दिल्या. आबांना जाऊन आता आठ महिने झाले होते.

सकाळी एका पोस्टमनचा फोन आला होता. जुन्याच मापाचा जोड हवा होता, पण त्याची फाइलच नव्हती. बाईंनी शेजारची शोधली, तीही नव्हती. दोन वर्षांत न फिरकलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांची, चारशे बारा जणांची मापं गायब होती.

"अहो, क्लाउडवर असतील ना," मालक म्हणाले. "आबांनी त्यासाठीच तर घेतलं होतं."

महिन्यापूर्वी क्लाउडची जागा भरत आल्याचा निरोप पडद्यावर आला होता. बाई टापटिपीच्या. एकच वस्तू दोन कपाटांत कशाला ठेवायची, म्हणून त्यांनी क्लाउडवरची जुनी मापं एकेक उघडून, बघून काढून टाकली. कॉम्प्युटरवर होतीच की. पण ती दोन कपाटं नव्हतीच, एकाच कपाटाची दोन दारं होती; इकडून काढलं की तिकडूनही जायचं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

मालकांनी क्लाउडवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या मुलीने सांगितलं, की काढलेली फाइल कचरापेटीत बरोबर तीस दिवस राहते, मग कायमची जाते. बाईंना तारीख पक्की आठवत होती, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांची रजा होती आणि टेबल आवरून जायच्या नादातच हा उद्योग झाला होता. तिसावा दिवस आजचाच होता. त्या दिवशी साडेअकराला 'अ'पासून सुरुवात केली होती, म्हणजे आज साडेअकरापासून त्याच क्रमाने एकेक फाइल जाणार होती. आता दहा पन्नास झाले होते.

कचरापेटी उघडायला कोड लागत होता आणि तो आबांच्या फोनवर जाणार होता. फोन मालकांच्या आईकडे होता. तिने नंबर चालू ठेवला होता, पण फोनला कुणाला हात लावू देत नव्हती. घरचा फोन कोणी उचलेना. मालक म्हणाले, तुम्ही जा, माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल. ते स्वतः कॉम्प्युटरपाशी बसून राहिले.

रिक्षा प्रत्येक सिग्नलला अडकली. तेवढ्या वेळात बाईंनी स्वतःला जितक्या शिव्या घातल्या तितक्या आयुष्यात कुणाला घातल्या नसतील. फार भीती वाटत होती. नोकरीची नव्हे, आबांचा आवाज आपल्या हातून पुसला जाईल याची.

काकूंनी, म्हणजे मालकांच्या आईने, दार उघडलं. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "काकू, माझ्या हातून मोठी चूक झालीय. आबांचे शेरे मी पुसलेत. त्यांचा फोन मिळाला तर वाचतील."

काकूंनी आत जाऊन आबांच्या शर्टांच्या घडीतून फोन काढून आणला. तो बंद पडला होता. चार्जर शोधण्यात पाच मिनिटं गेली. वायर लावली तरी पडदा काळाच. अकरा बावीस झाले. मालकांचा फोन मिनिटामिनिटाला येत होता. साडेअकरा झाले तेव्हा बाईंनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

पडदा उजळला, कोड आला. मालकांना फोनवर सांगताना बाईंनी घाईत एक आकडा चुकीचा वाचला. दुसरा कोड मागवावा लागला.

"आण इकडे, मी वाचते," काकू म्हणाल्या. "तू घाई करतेयस." त्यांनी सहा आकडे सावकाश, ठणठणीत आवाजात वाचले. अकरा सत्तेचाळीस.

मालकांनी पलीकडे आकडे टाकले. मग म्हणाले, उघडली. तीनशे चौऱ्याऐंशी परत आली, पोस्टमनचंही माप आलं. वरची अठ्ठावीस तेवढी गेली.

बाईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला. वरची म्हणजे 'अ' आणि 'आ'ची. आबा बायकोचं नाव कधी घेत नसत. काकूंच्या मापाची फाइल त्यांनी 'आमच्या घरी' या नावाने ठेवायला सांगितली होती.

"मिळालं ना सगळं?" काकूंनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. तसं म्हणावंसं बाईंना फार वाटलं.

"अठ्ठावीस गेली, काकू. त्यात तुमचं आहे."

"माझं?" काकू हसल्या. "त्यांनी माझं माप कधी घेतलं?"

"आबा तुमचं माप घरून पाठ करून आले होते. पुसण्याआधी मी वाचलं होतं ते. आकडे नाही आठवत. शेरा आठवतोय."

"काय होता?"

"उजव्या करंगळीला मोकळं सोडा. तिथे दुखतं, पण ही सांगायची नाही."

काकू खुर्चीत टेकल्या. "मी खरंच कधी सांगितलं नव्हतं गं."

बाईंना बाकीच्या सत्तावीस जणांना फोन करायचे होते, चूक माझी, पुन्हा माप द्यायला या, म्हणून सांगायचं होतं. त्यांनी पर्समधून कागद काढला. पण आधी तो शेरा जसाच्या तसा लिहिला आणि कागद काकूंना दिला. काकूंनी तो वाचला, चप्पल बाजूला सारली आणि वाकून करंगळी हलकेच दाबून पाहिली.