कोरीट फाट्याला अर्धा तारा

जपानी ॲनिमे बघून मत नसलेला माणूस आणि लग्नात जेवून नावं न ठेवणारा माणूस, हे दोघेही मी अजून पाहिलेले नाहीत. माझी मतं तर जरा जास्तच आहेत. मी प्रियल, शहाद्याच्या इंदरचंद कापडवाल्यांची मुलगी. दिवसभर दुकानात साड्यांच्या घड्या घालते आणि उरलेल्या वेळात जपानच्या चुका काढते.

'आकागुमो' ही कार्टून मालिकाच घ्या. तीनशे बारा भाग. नायक ठोसा मारायला हात उचलतो मंगळवारी आणि ठोसा लागतो पुढच्या महिन्यात. मधल्या वेळात त्याला आई आठवते, गुरुजी आठवतात, गुरुजींची आई आठवते. समोरचा राक्षस बिचारा इतका सभ्य, की सगळं ऐकून घेतो. दुकानात एवढं शांत गिऱ्हाईक आलं, तर बाबा त्याला स्वतःच्या हाताने चहा पाजतील.

'युकिमाचीचा राजा' त्याहून थोर. एक रिकामटेकडा पोरगा ट्रकखाली येतो आणि थेट दुसऱ्या जगात राजा म्हणून जन्मतो. आमच्याकडे गळीत हंगामात उसाचे डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर दिव्याशिवाय पळतात. त्यांच्याखाली आलेला माणूस सिव्हिल हॉस्पिटलच्या पुढे गेल्याचं ऐकिवात नाही. आणि 'नात्सुची छत्री' ही म्हणे प्रेमकथा. चोवीस भागांनंतर दोघं एकमेकांचा हात धरतात, तोही पाय घसरला म्हणून. तेवढ्या वेळात आमच्या समाजात बघणं, साखरपुडा, लग्न उरकून बारशाची पत्रिका छापायला जाते.

आवडते मला एकच, 'तीन कप'. तीन म्हाताऱ्या चहाचं हॉटेल चालवतात आणि बारा भाग काहीही घडत नाही. पण हे मी कुणाला सांगत नाही. धाक राहत नाही.

धाक कुठे, तर 'तापी ॲनिमे मंडळा'त. फोनवरचा ग्रुप, तेवीस मेंबर. मी आणि कोरीट गावची ममता, आम्ही दोघींनी कॉलेजच्या शेवटच्या बाकावर बसून तो सुरू केला. मी तारे वाटायचे, तेही पाचपैकी दीडच्या वर सहसा नाही, आणि पोरं टाळ्या पिटायची. ममता फारसं लिहायची नाही. ती चित्रं काढायची.

आषाढात ग्रुपवर एका नव्या नंबरवरून एक छोटी फिल्म आली. साडेतीन मिनिटांची, मोबाईलवर बोटाने काढलेली. खाली एवढंच लिहिलेलं : 'कशी वाटली, खरं सांगा.' नाव नव्हतं. फिल्ममध्ये मोठ्या डोळ्यांची एक मुलगी रस्त्याकडेला एसटीची वाट बघते. गाडी थांबते. कंडक्टर विचारतो, कुठलं तिकीट देऊ? ती म्हणते, "जठे माले कोनी वळखत नही, तठलं."

मी लगेच लिहिलं : 'कोरीट फाट्यावर उभी राहिलेली जपानी बाई. डोळे टोकियोचे, ओढणी आठवडे बाजारातली, गोष्ट बेपत्ता. अर्धा तारा, तोही मोबाईल तापला असेल म्हणून दयेने.' एकोणीस जणांनी हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी ममता ग्रुपमधून बाहेर पडली. मी फोन केला, तिने उचलला नाही. मी म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव.

पोळ्याच्या आधी तिचा भाऊ योगेंद्र बैलांच्या झुलीसाठी कापड घ्यायला दुकानात आला. लाल कापडाचा पोत बघत सहज बोलून गेला, "ममतानी चित्रं काढनं सोडी दिन्हं. आठ महिना खपनी ती त्या फिल्मवर. मोबाईल मझारनं सर्व पुसी टाकं."

माझ्या हातातली कात्री तिरकी गेली. बाबांनी वरून अर्धा मीटर जास्त कापून दिलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

त्यानंतर आली आम्हा जैनांची संवत्सरी. पर्युषणाचा शेवटचा दिवस. वर्षभरात ज्याचं मन दुखावलं, त्याची माफी मागायची. पूर्वी लोक त्यासाठी दारोदार फिरत. आता फोनवर कमळाचं चित्र येतं, त्यावर छापलेलं असतं, 'जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर खमतखामणा', आणि आपण ते पुढे ढकलतो. दिवसभराच्या उपासाने आधीच डोकं चाललेलं नसतं, अंगठा तेवढा चालतो. मीही ढकललं. मोकळी झाले.

"किती जणांना पाठवलंस?" बाबांनी विचारलं.

"दोनशे अकरा."

"त्यातल्या कितींशी भांडण होतं?"

"एकीशी."

"मग बाकीच्या दोनशे दहांना कशाला त्रास दिलास?"

बाबा दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलतात, त्यामुळे घरात आमच्यासाठी एवढंच उरतं. मी काही बोलायच्या आत फोन वाजला. ममताचा मेसेज. दोन महिन्यांत पहिला.

'जाणता का अजाणता? एकच सांग.'

रात्रभर मी तो मेसेज उघडत-मिटत राहिले. हजारो माणसं दर वर्षी ते कमळ पाठवतात, पण त्यातला कुठला शब्द आपला, हे कुणी कुणाला विचारत नाही. सकाळी पारणं केलं, नंदुरबारची एसटी धरली, तिथून कोरीट.

ममता ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत होती. तिने सूप थोडं सरकवलं, म्हणजे बस असं झालं. मी बसले. शेंगाही घेतल्या हातात. वाटेत जमवलेलं भाषण मी सुरू केलं, की मला नाव दिसलं नाही, मला कसं कळणार, कळलं असतं तर...

"फिल्म मझार कोरीटनं नाव कोठेच नही शे," ती शेंगेकडेच बघत म्हणाली. "ना पाटी, ना काही. मंग तुले फाटा कसा समजना?"

तो फाटा मी शंभरदा बघितला होता. ती लिंबाची वाकडी फांदी, तो रंग उडालेला बाक. एसटी वळताना धूळ डावीकडे जाते हेसुद्धा तिने बरोबर काढलं होतं. दुसऱ्या कुणाचं ते काम नव्हतं. पहिल्या चित्रालाच मी ओळखलं होतं.

"जाणता," मी म्हणाले.

"हा," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "मंग काबरं लिखं तसं?"

मला लाज वाटली. अशी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, "सगळे माझ्या लिहिण्यावर हसतात ना, ते मला आवडतं." ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. तिलाही ते समजलं असावं. ती वाट बघत राहिली.

"आणि माफी?" मी विचारलं.

"माफीनं मंग देखसू. मोबाईल मझारनी पुसी टाकी, पन योगेंद्रकडे एक शे. मी परत काढू का नही काढू, ते तुन्हावर नही. पन माले खरं सांग. शेवट कसा वाटना?"

अकरा मालिकांचे शेवट मी त्या ग्रुपवर फाडून ठेवले होते. एकेकावर पानभर.

"ममता," मी म्हणाले, "मी शेवट बघितलाच नाही. ती तिकीट मागते ना, तिथे मला कळलं की ही फिल्म चांगली आहे. म्हणूनच मी तिथेच बंद केली."

ती उठली. मग घरात जाऊन भावाचा फोन घेऊन आली, सूप बाजूला ठेवलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"आते बठ," ती म्हणाली. "पहिलेथून देख."