वाकड्या आरशाची साक्ष

मित्रांनो, त्या खोलीत एक खिडकी, एक स्टूल, एक ईझल, सात ब्रश (पैकी दोन टकले), रंगाच्या तेवीस नळ्या, कोळशाच्या चार कांड्या आणि एक चित्रकार होता. भिंतीवर मी होतो. मी एक जुना आरसा आहे. उंची साठ सेंटिमीटर, रुंदी चाळीस.

कारखान्यात माझी काच गरम असतानाच एका कामगाराने ती घाईने उचलली आणि माझ्यात डावीकडे वर एक उंचवटा राहिला. तो नजरेला दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण समोर सरळ पट्टी धरली तर तिचे प्रतिबिंब तिथे किंचित खाली झुकते. म्हणून माझी रवानगी दुय्यम मालात झाली. चित्रकाराने मला तिथूनच आणले.

तो स्वतःचे चित्र काढायला बसला, तेव्हा मला वाटले, आपले नशीब उघडले. सहा आठवडे तो रोज सकाळी माझ्यासमोर असे. एक डोळा मिटून ब्रशच्या दांडीने स्वतःचे नाक मोजे, ओठ चावे, मधूनच शीळ घाली. मला तेवढेच दिसे. कारण कॅनव्हासचे तोंड त्याच्याकडे, म्हणजे माझ्याकडे कॅनव्हासची पाठ. ज्या चित्रासाठी मी सहा आठवडे राबलो, ते मी पाहिलेच नाही.

लोकांचे बोलणे मात्र कानावर येई. चेहरा हिरवा, कपाळ जांभळे आणि डावीकडचा डोळा गालावर घसरलेला, असे ते चित्र होते म्हणे.

"हे गिऱ्हाईक माझ्या खुर्चीत बसलं, तर मी दुकान टाकून पळेन बाबा," शेजारचा सलूनवाला म्हणाला.

चित्रकाराचे काका म्हणाले, "पोराचं डोकं फिरलंय. नाचता येईना अंगण वाकडं. आता म्हणेल, आरसाच वाकडा."

सगळे हसले. चित्रकारही हसला. मला हसू आले नाही, कारण मी वाकडा होतोच.

दोन वर्षांत फुप्फुसाच्या आजाराने तो गेला. मागे राहिली धाकटी बहीण आणि 'तो वेडा होता' ही आवई. बहीण कपडे शिवायची. तिने मला आपल्या दुकानात लावले. तिथे मी अडतीस वर्षे काढली. "यात मी बारीक दिसते हो, हा आरसा बदलू नका," असे कौतुकही वाट्याला आले. कुणीतरी रोज ओल्या फडक्याने पुसल्यामुळे माझ्या कडा काळ्या पडल्या, ते कुणाला दिसले नाही. आणि "हीच ना त्या वेड्याची बहीण?" असे कुजबुजणे ऐकू आले, की शिवणयंत्र क्षणभर थांबे. ते थांबणे मला सवयीचे झाले नाही.

मग ते चित्र संग्रहालयाने भिंतीवर लावायचे ठरवले. चित्राखालच्या पाटीचा मजकूर बहिणीकडे वाचायला आला: 'भ्रमिष्ट अवस्थेतील आत्मचित्र. चित्रकाराला स्वतःचा चेहरा असाच दिसत असे.'

तिने मला चादरीत गुंडाळले आणि थेट संग्रहालयाची प्रयोगशाळा गाठली. तिथे चित्रे तपासणारी एक तरुण मुलगी होती, आणि पाट्या लिहिणारे साहेब.

"पोरी, पाटी छापायच्या आधी एवढं बघ. माझ्या दादाला खरंच तसं दिसत होतं का?"

"मावशी, माणसाला काय दिसलं ते मला मोजता येत नाही."

"मग काय मोजता येतं?"

"आरसा काय दाखवतो ते. आणि रंगाखाली काय आहे ते. आधी कोळशाने रेखाटलं असेल, तर आमच्या कॅमेऱ्याला रंगाखालची रेघ दिसते. डोळा त्या रेघेतच गालावर असला, तर साहेबांचं म्हणणं टिकेल. रेघ आरशाबरहुकूम निघाली, तर तुमच्या दादांनी नीट पाहिलं होतं, आणि डोळा नंतर जाणूनबुजून उतरवला."

"अहो बाई, एवढ्यातेवढ्याने काय फरक पडतो?" साहेब म्हणाले.

"पडतो साहेब," बहीण म्हणाली. "तुमच्या कोटाची डावी बाही बोटभर आखूड आहे. कुणी सांगितलं नाही वाटतं?"

साहेबांनी हात पाठीमागे घेतला. "बरं. सोमवारपर्यंत छपाई थांबवतो."

मुलीने मला चित्रासमोर उभे केले. मित्रांनो, अडतीस वर्षांहून जास्त काळ ज्याची फक्त पाठ ठाऊक होती, त्याचे तोंड मी पाहिले. रंग हिरवाच होता. पण मी दचकलो नाही. ओठ चावणारा, शीळ घालणारा माणूस हाच, हे मी लगेच ओळखले. कशावरून, ते मला सांगता येत नाही. भीती वेगळीच होती: तो डोळा माझ्या उंचवट्यानेच तर घसरवला नसेल?

चित्रकार जितक्या अंतरावर बसे, तितक्याच अंतरावर, बहिणीला विचारून, मुलीने माझ्यापुढे आलेखाचा कागद धरला. तीनदा मोजले. मग कॅमेरा चित्रातल्या डोळ्यांवर आणला. तिथे रंग पातळ होता. बहीण गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत उभी होती.

मित्रांनो, आम्हाला कोरड्या, मऊ फडक्याने पुसत जा. आणि कुणाला वाकडे ठरवायचे असेल, तर आधी पट्टी हातात घ्या.

सोमवारी मुलीने साहेबांसमोर कागद वाचला. दोन डोळ्यांच्या उंचीतला फरक. आरशात: तीन मिलिमीटर. कोळशाच्या रेघेत: तीन मिलिमीटर. रंगात: एकवीस मिलिमीटर.