कपाटातला कॉम्प्युटर

आमच्या घरात भांडणंसुद्धा कुजबुजत होतात. आई नर्स आहे, अतिदक्षता विभागात, कायमची रात्रपाळी. सकाळी नऊला घरी येते, दहाला झोपते, चारला उठते. दहा ते चार घरात चमचा पडला तरी गुन्हा. दारावरच्या बेलला बाबांनी आतून कापड गुंडाळलंय, त्यामुळे ती वाजत नाही, खोकते. आणि अशा घरात जन्माला आले मी. माझं डोकं दिवसातून चार वेळा फिरतं. दात चावून, हात झटकून, आवाज न करता कसं भांडायचं ते मला विचारा.

शाळा मी सोडली की शाळेनं मला, यावर घरात दोन मतं आहेत. नववीत सुटली एवढं नक्की. आता आठवड्यातून दोन दिवस झेरॉक्सच्या दुकानात उभी असते आणि बाकीचे दिवस खेळते. टाइमपास म्हणून नाही हं. पाच जणांच्या टीमचा खेळ आहे, त्यात एका चांगल्या टीमला पाचवा माणूस हवा होता. मागच्या शनिवारी त्यांनी मला खेळवून बघितलं. पहिली पंचवीस मिनिटं मी लोणी कापावं तशी खेळले. मग स्क्रीन अडकली. दोनच सेकंद. सुटली तेव्हा मी मेलेली होते. पुढे अजून तीनदा तेच.

"तुझं मशीन आहे की मिक्सर?" टीमचा कॅप्टन कानात म्हणाला. त्याला मी कधी बघितलेलं नाही, फक्त आवाज ओळखते. "पुढच्या शनिवारी एक वाजता शेवटचा चान्स. काहीतरी बदलून ये. आणि तू बोलत का नाहीस? शत्रू कुठेय ते सांगायला तोंड लागतं."

मी कुजबुजले, "सांगत होते."

"काय?"

"सांगत होते!"

"माशी गुणगुणतेय का कुणाच्या माइकमध्ये?" तो म्हणाला आणि बाकीचे तिघं हसले.

म्हणजे हातात एक आठवडा. साठवलेल्या पैशांत एकच मोठी वस्तू येणार होती, आणि ती कोणती हे मला पक्कं ठाऊक होतं. ग्राफिक्स कार्ड. स्क्रीनवरचं चित्र तेच काढतं, चित्र अडकतंय, म्हणजे कार्डच म्हातारं झालंय. सरळ हिशोब.

रविवारी गॅरंटीकडे गेले. जुन्या कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या माणसाला सगळे गॅरंटी म्हणतात, कारण प्रत्येक वस्तू हातात देताना तो एकच वाक्य बोलतो, "गॅरंटी नाही." माझं मशीनही चार वर्षांपूर्वी त्यानंच जुळवून दिलेलं. त्यानं काउंटरखालून एक कार्ड काढलं. विटेएवढं, तीन पंख्यांचं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"हे बसेल?"

"बसेल. पण मग पॉवर सप्लाय मोठा लागेल. तो तुझ्या डब्यात मावणार नाही, म्हणजे डबा बदल. आणि एवढं करून तुझा जुना प्रोसेसर याला पुरा पडेलच असं नाही." त्यानं कार्ड पुसलं. "नाकापेक्षा मोती जड होईल, बाळा. शुक्रवारपर्यंत ठेवतो बाजूला. विचार कर."

"विचार करायचा काय त्यात?"

"गॅरंटी नाही," तो म्हणाला.

घरी येऊन बाबांना सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, कारण आई भाजी आणायला गेली होती. बाबा लिफ्टचे मेकॅनिक आहेत. वीस वर्षं इमारतींच्या डोक्यावर बसून तेलकट झालेले. ते चहा ओतत ऐकत होते.

"घोडं पेंड कुठे खातंय ते बघितलंस का?"

"कार्ड! सांगितलं ना आत्ता!"

"हे तुझं म्हणणं झालं. लिफ्ट अडकली की लोकही म्हणतात, मोटर गेली, मोटर बदला. मोटर कधी गेलेली नसते. दहातली आठ दुखणी दाराची निघतात. दार नीट लागलं नाही की लिफ्ट हलत नाही, आणि शिव्या खाते मोटर."

"माझ्या कॉम्प्युटरला दार नाहीये, बाबा."

"वही तर आहे?" त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरी वही काढली. त्यांच्या प्रत्येक लिफ्टपाशी एक अशी वही लटकवलेली असते. लिफ्ट कधी अडकली, कितव्या मजल्यावर, आत किती माणसं. "बुधवारी मला सुट्टी आहे. तोपर्यंत जेव्हा जेव्हा अडकेल तेव्हा लिही. वेळ, किती मिनिटं चालू होतं, घरात कोण होतं. काही बदलायचं नाही."

"घरात कोण होतं? कॉम्प्युटरला काय घेणंदेणं? लाजतो काय तो?"

"लिहायला पैसे पडतात का?"

दोन दिवस मी ती वही भरली, पण अशी भरली की कुणी वाचू नये. सोमवार, साडेअकरा, पंचवीस मिनिटं झाली, अडकला. घरात: मी, आई झोपलेली. माझं डोकं फिरलं. सोमवार, दोन वाजून दहा, अडकला, घरात: तेच, डोकं: परत फिरलं. सोमवार संध्याकाळी सहा ते आठ खेळले. आई बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. नवीन नकाशा उघडताना एकदा अडकला, बाकी काही नाही. मंगळवारी दुपारी पाच वेळा, त्यात एकदा नकाशा उघडताना. मंगळवारी आई ड्यूटीला गेल्यावर एकदाही नाही.

बुधवारी अकरा वाजता आई आत झोपली होती आणि बाबा जमिनीवर बसून वही वाचत होते. मी खेळत होते. अडकला.

"लिही," बाबा कुजबुजले.

"लिहिलं, लिहिलं," मी कुजबुजले. "झालं ना आता? कार्ड आणू?"

"डोकं फिरल्याचं लिहिलंस ते बरं केलंस. पण हे बघ. जवळपास सगळी दुखणी दहा ते चार. आई झोपलेली असताना."

"म्हणजे आता आईमुळे अडकतो? आई आत झोपून माझं कार्ड खाते?"

"मी असं म्हटलं का? आई झोपली की तू वेगळं काय करतेस?"

"काही नाही करत."

"आठव."

"काही नाही करत मी!" आणि हे मी ओरडले. खरंच ओरडले. भर दिवसा अकरा वाजता, पूर्ण आवाजात, जन्मात पहिल्यांदा. "तुम्हाला बदलायचंच नाहीये काही! सतत वही, सतत थांब, सतत बघू! शनिवार गेला की मग बघा!"

आम्ही दोघं दगड झालो. बाबांचा हात अर्धवट हवेत. दोघांचे डोळे आईच्या दारावर.

काही नाही. आतून साधी कूससुद्धा बदलल्याचा आवाज नाही.

बाबांनी श्वास सोडला आणि माझ्याकडे न बघता टेबलाखाली बघितलं. माझं टेबल आईच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे. त्याखाली चपलांचं जुनं लाकडी कपाट, आणि त्या कपाटात माझं मशीन. कपाटाचं दार बंद होतं.

"हे कोण लावतं?"

आई झोपायला गेली की मी बेलचं कापड नीट करते, खिडकी लावते, आणि पायानं ते दार ढकलते. ती उठली की परत उघडते. पंख्याची घरघर होते ना. इतकी वर्षं करतेय की आपण काही करतोय हेच डोक्यात राहिलं नव्हतं. पाय आपोआप जातो.

बाबांनी दार उघडलं. आतून गरम वाफारा आला, भट्टीचं झाकण काढल्यासारखा. मशीन धापा टाकत होतं. पंखा पूर्ण जोरात, आणि बाहेर फेकलेली तीच गरम हवा परत आत ओढत होता. मी स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान लावलं. सत्त्याण्णव.

"एवढं तापलं की ते स्वतःच हळू चालतं," मी म्हणाले. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाचं मशीन असतं तर पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं. याचा राग मला आत्तापर्यंत आलेल्या सगळ्या रागांपेक्षा जास्त आला, पण काढायचा कुणावर?

दहा मिनिटांत आकडा ऐंशीवर आला. आणि तिथेच बसला.

"अजूनही कुठेतरी कोंडतंय," बाबा म्हणाले. "बंद कर. खोलून बघू."

बंद केलं. घरघर थांबली. बाबांनी डब्याचं पुढचं झाकण ओढलं आणि बघतच राहिले. झाकणाच्या आतून, हवेच्या सगळ्या भोकांवर, करड्या रंगाचा जाड नमदा, दाबलेल्या लोकरीचा थर, चिकटवलेला होता. व्यवस्थित मापात कापलेला. लिफ्टच्या मशीनखाली आवाज मरावा म्हणून घालतात तो.

"हे कुणी..." मी म्हणाले आणि थांबले, कारण बाबांचे कान लाल झाले होते.

"दोन वर्षांपूर्वी," ते म्हणाले. "तू दुकानात गेलेलीस. मला वाटलं, तुझ्या आईला जरा शांत..."

"वीस वर्षं मेकॅनिक! भोकं बुजवलीत?"

"आणि तू दार लावलंस!"

"आणि तुम्ही नमदा!"

हे सगळं आम्ही आता परत कुजबुजत होतो, नाकाला नाक लावून, आणि तेवढ्यात आतलं दार धाडकन उघडलं. आई. केस विस्कटलेले, डोळे सताड उघडे. हॉस्पिटलात धावतात तशी दोन पावलं पुढे आलेली.

"काय बंद पडलं?"

आम्ही गप्प.

"काहीतरी बंद पडलं ना? काय झालं? गप्प का झालात दोघं?"

"कॉम्प्युटर," मी म्हणाले. "आम्हीच बंद केला. आई, मी मघाशी केवढी ओरडले, तेव्हा नाही उठलीस?"

"कधी ओरडलीस?" आई खुर्चीवर बसली आणि छातीवर हात ठेवला. "अगं, रात्रभर माझ्या डोक्याशी बारा मशीनं घरघरतात. ती घरघरतायत तोवर मी निवांत. एखादं गप्प झालं की मी खुर्चीतून उडते. घरीही तेच होतं. तुमची ही कुजबुज सुरू झाली की मी टक्क जागी. वाटतं, कुणाला तरी काहीतरी झालंय आणि माझ्यापासून लपवतायत."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" बाबा म्हणाले.

"तुम्ही दोघं एवढे चवड्यांवर चालता माझ्यासाठी. काय बोलणार?" मग तिनं बाबांच्या हातातला नमदा बघितला. "हे काय आणि?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "दार निघालं."

गुरुवारी दिवसभर कपाटाचं दार उघडं ठेवून खेळले. नमदा काढलेला, मशीन गुरगुरत होतं, आकडा सत्तरच्या वर गेला नाही. वहीत दोनच ओळी झाल्या, आणि दोन्ही नवीन नकाशा उघडतानाच्या. चालू खेळात एकदाही नाही. हे दुखणं दार बंद असतानाही होतं आणि उघडं असतानाही, आई झोपलेली असतानाही आणि जागी असतानाही. बाबांनी विचारलं, "आता कार्ड?" मला चिडवायलाच. मी वही त्यांच्या पुढ्यात आपटली. मोठ्यानं आपटली. छान वाटलं.

शुक्रवारी गॅरंटीनं मला बघून कार्ड वर काढलं. मी हातात घेतलं, तिन्ही पंख्यांवरून बोट फिरवलं आणि परत ठेवलं.

"नको. माझी फिरणारी हार्ड डिस्क तुम्ही बसवलीत तेव्हाच जुनी होती, आता सात वर्षांची आहे. नकाशा तिच्यावरून यायला वेळ लागतो, तिथे अडकतंय. साधी एसएसडी द्या, न फिरणारी, झटपट वाचणारी डिस्क. आणि एक मोठा पंखा."

"कुणी सांगितलं?"

"वहीनं."

त्यानं दोन्ही वस्तू काउंटरवर ठेवल्या. तो तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हणाले, "माहितीये. नाही."

कार्ड सोडून आल्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. बसस्टॉपपर्यंत तीनदा मागे वळून बघितलं.

शनिवारी एक वाजता आई आत झोपलेली, बाबा कामावर. कपाट उघडं. हेडफोन घातले. पहिला शत्रू दिसला आणि मी सवयीनं कुजबुजले, "डावीकडे."

"आली माशी," कॅप्टन म्हणाला.

भिंतीपलीकडे आई होती. माझ्या तोंडाला जन्मापासूनची सवय होती, कपाटाच्या दारापेक्षा जुनी. ते दार उघडायला बाबांना एक हात लागला. मी दोन्ही हात माऊसवर आणि कीबोर्डवर ठेवून डोळे मिटल्यासारखं करून ओरडले, "डावीकडे दोन! जिन्यावर! अरे बघ की, आंधळा आहेस का!"

मग थांबलेच नाही. चाळीस मिनिटं. स्क्रीन एकदाही अडकली नाही. शेवटच्या फेरीत मी "उजवीकडे मोकळं" म्हणाले आणि ते मोकळं नव्हतं. चौघं माझ्या शब्दावर गेले आणि चौघं मेले. हरलो. यात मशीनचा काही दोष नव्हता, आणि दोष द्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मी वाट बघत राहिले.

"उजवीकडे न बघता बोललीस," कॅप्टन म्हणाला.

"हो."

"परत करू नकोस. मंगळवारी सहा वाजता सराव आहे." मग थोड्या वेळानं, "आणि जरा हळू बोलत जा गं. कान गेले आमचे."

हेडफोन काढले. दोन वाजायला आले होते. भिंतीपलीकडे काही हालचाल नव्हती. हात सवयीनं मशीनच्या बटणाकडे गेला, आणि मी तो मागे घेतला. आईचे अजून दोन तास बाकी होते. खेळायला काही नव्हतं. मी एक नकाशा नुसताच उघडून ठेवला, पाय खुर्चीवर घेतले आणि चार वाजेपर्यंत ते घरघरत राहू दिलं.